पदवी नाही, मग नोंद तरी आहे का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'पदवी नसताना परदेशात आयटीचे शिक्षण आणि नोकरी' हा आजचा विषय. विषय संगणकाचा आणि बोलणारा मराठीत कविता लिहिणारा, साधा बी.ए. झालेला माणूस, ही जोडी तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण तालुक्याच्या गावात चार अक्षरे लिहिणाऱ्याकडे लोक फक्त लग्नाचा सेहरा किंवा सत्काराचे मानपत्र लिहून घ्यायला येत नाहीत. बँकेचा अर्ज, कोर्टाची नोटीस, पोराच्या कॉलेजचे माहितीपत्रक, सगळे घेऊन येतात. अलीकडे त्यात एका कागदाची भर पडली आहे. कागद चकचकीत, मजकूर इंग्रजी, वर विमानाचे चित्र. परदेशात आयटी प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, पदवीची अट नाही, असा त्याचा मथितार्थ. तो कागद पुढे करून बाप विचारतो, "सर, पोट्ट्याले पाठवू का?"

आमच्या घाटंजी तालुक्यात हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. इथला शिवार कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. ज्या पैशातून मुलाला पाठवायचे तो पैसा शेत गहाण ठेवून, आईचे दागिने मोडून किंवा भावाच्या वाट्यातून यायचा असतो. यवतमाळ जिल्ह्यात बुडालेल्या कर्जाचा अर्थ काय होतो, हे मी श्रोत्यांना सांगायला नको. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जपून द्यायला हवे.

एका शब्दात 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नाही, कारण हे तीन प्रश्न आहेत. शिकायचे कुठे? दाखला कुणाचा घ्यायचा? आणि परक्या देशात शिरायची परवानगी कशाच्या जोरावर मिळणार? एजंट हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधून विकतो. आपण गाठोडे सोडून एकेक वस्तू वेगळी पाहू.

पहिला प्रश्न शिकण्याचा. संगणकाचे शिक्षण आपल्या देशात बऱ्याच अंशी विद्यापीठाबाहेर वाढले. एनआयआयटी १९८१ साली सुरू झाली, ॲपटेक १९८६ साली. त्यांचे वर्ग शहरोशहरी निघाले आणि पदवी झालेली, न झालेली, अर्धवट सोडलेली अशी सगळीच मुले तिथे जाऊन बसली. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. ज्या घरात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते, त्या घरातही हे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले दिसू लागले. मात्र एमएस-सीआयटी ही संगणकाची अक्षरओळख आहे. बाराखडी आली म्हणजे पत्र लिहिता येते, कादंबरी लिहिता येत नाही. परदेशी नोकरीच्या बाजारात त्या कागदाला स्वतंत्र किंमत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

त्यापुढचे शिक्षण आज घरबसल्या मिळते. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात लिनक्स, सी, जावा, पायथन असे विषय छोट्या छोट्या चित्रफितींतून शिकवले जातात आणि त्यांतले अनेक धडे मराठीतही आहेत. पैसा लागत नाही. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे, त्यावर आयआयटीतल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात. सिस्को कंपनीची नेटवर्किंग अकादमी १९९७ पासून चालू आहे, तिचेही काही अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. तेव्हा केवळ शिकण्यासाठी परदेशी जायची गरज उरलेली नाही. ज्याला घाटंजीत रात्री दोन तास बसून हे धडे पुरे करता येत नाहीत, तो लाखो रुपये भरून परदेशातल्या वर्गात बसला म्हणून शिकेल, असे मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न दाखल्याचा. जुन्या मदरशांच्या परंपरेत 'इजाजत' नावाची एक पद्धत होती. शागीर्द उस्तादासमोर बसून एक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. मग उस्ताद लिहून द्यायचा की हा ग्रंथ याने माझ्याकडे वाचला आहे, आता हा तो दुसऱ्यास शिकवू शकतो. तो कागद किती मोठ्या इमारतीतून आला यापेक्षा कोणत्या उस्तादाने दिला, हे लोक पाहत. 'सनद' हा शब्दही तिकडूनच आला आणि मराठीत इतका रुजला की आजही वकिलाला वकिलीची सनदच मिळते.

आयटीतली प्रमाणपत्रे मला या इजाजतीच्या जवळची वाटतात. सिस्को, रेड हॅट, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन या कंपन्या आपापल्या तंत्रापुरती परीक्षा घेतात. एक विषय, एक परीक्षा, एक दाखला. सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून आहे. तिला बसायला पदवी लागत नाही. त्याच कंपनीची सीसीआयई ही फार कठीण परीक्षा १९९३ साली सुरू झाली. तिच्या प्रात्यक्षिकात आठ तास यंत्रांसमोर बसून काम करून दाखवावे लागते आणि तिलाही पदवीची अट नाही. रेड हॅटच्या परीक्षेत चार पर्यायांतून एकावर खूण करण्याचा प्रकार नसतो. चालते यंत्र समोर देतात आणि ठरलेल्या वेळात सांगितलेली कामे करून दाखवायची असतात. आमच्या मोटारवाइंडिंगच्या दुकानात उस्ताद नव्या पोराला जळालेली मोटार देऊन 'करून दाखव' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

आता या दाखल्याविषयी दोन गोष्टी एजंट सांगत नाही. पहिली ही की परीक्षा सगळीकडे एकच असते. सीसीएनए नागपुरात दिली काय, लंडनमध्ये दिली काय, दाखला तोच. तिची फी तीनशे डॉलर, म्हणजे कर धरून तीस हजार रुपयांच्या आसपास. आमच्या घरांना हीही रक्कम मोठीच आहे, पण शेत गहाण ठेवण्याइतकी नाही. 'परदेशात जाऊन आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र' या शब्दांना मग काय अर्थ उरतो, हे तुम्हीच ठरवा. दुसरी गोष्ट, हा दाखला शिळा होतो. बी.ए.ची पदवी भिंतीवर पिवळी पडली तरी ती पदवीच राहते. सीसीएनए मात्र तीन वर्षांपुरती, पुढे ती नव्याने मिळवावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई या दाखल्याची एकेकाळी केवढी चलती होती. कंपनीने जानेवारी २०२१ अखेर तो बंदच केला. या धंद्यात पडणाऱ्याने जन्मभर विद्यार्थी राहायची तयारी ठेवावी.

पदवीवाचून या क्षेत्रात माणूस मोठा होतो का? होतो. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. दहावीनंतर त्यांचे शिक्षण थांबले. पुण्यात ते कॅलक्युलेटर दुरुस्त करायला शिकले, मग संगणक दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढले. दुकानात येणाऱ्या संगणकांना व्हायरस लागलेला असे. धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात आली. या गोष्टीचा एक भाग सभासंमेलनांत हटकून सांगतात, दहावी शिकलेला माणूस कोट्यधीश झाला तो. दुसरा भाग फारसा सांगत नाहीत. थोरल्याने धाकट्याला कॉलेजात संगणकच शिकायला लावले. ज्याने स्वतः पदवीवाचून वाट काढली, त्याला शिक्षणाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळली होती.

आता तिसरा प्रश्न, आणि सगळा घोळ इथेच आहे. नोकरी देणारा मालक आणि व्हिसा देणारा अधिकारी ही दोन वेगळी माणसे आहेत. मालक विचारतो, तुला काय येते? त्याला तुमचा दाखला पटू शकतो. अधिकारी विचारतो, आमच्या कायद्यात बसेल असे तुझ्याजवळ काय आहे? तिथे दाखला बहुधा पुरत नाही.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. एच-१बी नावाचा व्हिसा पदवी लागणाऱ्या कामांसाठी आहे. पदवी नसेल तर अनुभव धरतात, पण त्याचा हिशेब कडक आहे. कॉलेजच्या एका वर्षाऐवजी कामाची तीन वर्षे. तिथली पदवी चार वर्षांची, म्हणजे बारा वर्षांचा अनुभव दाखवायला हवा. आपली तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. सुद्धा तिथे अनेकदा वर्षभराने अपुरी ठरते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशातून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर मालकाने एक लाख डॉलर भरावेत असा हुकूम काढला. एवढे पैसे भरून बारावी झालेल्या मुलाला कोण बोलावणार?

जर्मनीचे दार जरा वेगळे आहे. नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या कायद्यात आयटीच्या लोकांसाठी सोय झाली. पदवी नसली, पण मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षे पदवीधराच्या तोडीचे आयटीचे काम केलेले असले, आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी हातात असली, तर 'ब्लू कार्ड' मिळू शकते. हा नियम खरा आहे, आणि एजंटांच्या कागदांवर तोच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. फक्त तीन वर्षांच्या अनुभवाची ओळ बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडे जर्मनीचे नाव फार निघते. पण त्यात भर परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा कुशल कामांवर होता. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

जपानची गोष्ट तर आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. तिथे अभियंत्याच्या व्हिसासाठी एरवी पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव लागतो. पण संगणक तंत्रज्ञांसाठी काही परीक्षा त्यांनी मान्य केल्या आहेत. त्या यादीत भारताच्या 'डोएक'च्या ए, बी आणि सी या पातळ्या आहेत. ही केंद्र सरकारची संस्था, २०११ पासून तिचे नाव 'नाइलिट' झाले. ओ पातळीपासून चढत जायचे. अभ्यास अवघड, निकाल कडक, पण फी सामान्य घराला झेपणारी. पदवी नसलेल्या मुलाला परदेशाचे दार उघडू शकणारा एक दाखला आपल्याच सरकारकडे आहे. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात दलाली नाही.

आखाती देशांत आमच्या भागातली बरीच मंडळी गेलेली आहेत. वीज, वातानुकूलन, गाड्यांची दुरुस्ती ही त्यांची कामे. संगणकाच्या मोठ्या हुद्द्यासाठी तिथेही पदवी मागतात आणि ती साक्षांकित करून न्यावी लागते. पदवीवाचून गेलेल्याला बहुधा केबल टाकण्याचे किंवा यंत्रे बसवण्याचे काम मिळते. काम कमी प्रतीचे नाही, पण घरातून निघताना काय काम आहे ते माहीत असावे.

हे सगळे देश मिळून एकच गोष्ट सांगत आहेत. पदवीला पर्याय नुसता दाखला नाही. पदवीला पर्याय म्हणजे नोंद झालेला अनुभव. आणि आमच्यासारख्या गावात नेमकी तीच गोष्ट तयार होत नाही.

गावातला हुशार पोरगा पाहा. मोबाइलच्या दुकानात बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली बोर्डाला टाका देतो. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांचे संगणक, कॅमेरे, प्रिंटर त्याने जोडून दिलेले असतात. सहा-सात वर्षे झाली. पण नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची पावती नाही, भविष्य निर्वाह निधीचे खाते नाही. मालक शनिवारी संध्याकाळी हातात पैसे ठेवतो. उद्या जर्मनीच्या वकिलातीत त्याला विचारले की हे काम तू केलेस कशावरून, तर दाखवायला काय आहे?

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वीस वर्षे जमीन कसली, पण सातबाऱ्यावर नाव नाही, तर काय होते ते त्याला माहीत आहे. कूळकायदा आला तेव्हा ज्याच्या वहितीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होती, त्याला जमीन मिळाली. ज्याचा फक्त घाम होता, त्याला तलाठ्याने घाम पुसायला सांगितले. अनुभवाचेही तसेच आहे. म्हणून माझे मुलांना सांगणे असे, की दोन हजार रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण नेमणुकीचे पत्र देणाऱ्या, बँकेत पगार जमा करणाऱ्या, पीएफ कापणाऱ्या ठिकाणी काम धरा. यवतमाळला मिळो, नागपूरला मिळो, पुण्याला मिळो. पत्रात तुमच्या कामाचे नाव नीट लिहून घ्या. 'मदतनीस' असे लिहिलेला कागद दहा वर्षांनीही मदतनीसच म्हणेल. स्वतःचे दुकान असेल तर उद्यम नोंदणी करा, पक्के बिल फाडा, आयकराचे विवरणपत्र भरा. नोकरी सोडताना अनुभवपत्र घेतल्याशिवाय पाय बाहेर काढू नका.

आता फसवणुकीविषयी. हा धाक घालण्यासाठी सांगत नाही, घडलेले सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ट्राय-व्हॅली नावाचे एक विद्यापीठ होते. हजारावर भारतीय मुलांनी तिथे पैसे भरले. जानेवारी २०११ मध्ये त्यावर छापा पडला. विद्यापीठ नावापुरते होते, खरा धंदा व्हिसाचा होता. काही मुलांच्या घोट्यांना ठावठिकाणा सांगणारी यंत्रे अडकवली गेली आणि त्यावरून आपल्याकडे मोठा संताप झाला. संस्थाचालिकेला पुढे सोळा वर्षांहून अधिक कैद झाली, पण मुलांचे पैसे आणि वर्षे गेलीच. मिशिगन राज्यातले फार्मिंग्टन नावाचे विद्यापीठ तर तिथल्या सरकारनेच लावलेला सापळा होता, हे २०१९ मध्ये उघड झाले. त्यात धरल्या गेलेल्यांपैकी १२९ जण भारतीय होते.

त्याहून भयंकर प्रकार आपल्या शेजारी घडला. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला की थायलंडमध्ये डिजिटल विक्रीची नोकरी देतो असे सांगून आयटी जाणणाऱ्या तरुणांना नेले जात आहे आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमध्ये डांबले जात आहे. तिथे त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन लुबाडण्याचे काम करून घेत. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. थोडेफार संगणक येणारा, पदवी नसलेला, घाईत असलेला मुलगा. त्या टोळ्यांना हवा असतो तो हाच.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा. पर्यटक व्हिसावर नोकरीला जायचे नसते. 'तिकडे गेल्यावर बदलून देऊ' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि ती 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच घेता येतात. कुणी पाच लाख मागितले, तर बाकीचे चार लाख सत्तर हजार कशाचे, असे विचारा. आणि चौथी गोष्ट, मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. पासपोर्ट तर नाहीच नाही.

शेवटी पदवीविषयी. ती नाही म्हणून रडत बसू नये, हे खरे. पण ती कायमची गेली असेही नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचे, दिल्लीचे इग्नू १९८५ सालचे. काम करता करता, परीक्षेपुरती रजा घेऊन बारावी झालेला मुलगा पदवीधर होऊ शकतो. दिवसा नोंद होणारी नोकरी, रात्री एखाद्या परीक्षेचा अभ्यास, सुटीच्या दिवशी मुक्त विद्यापीठाची पुस्तके. चार-पाच वर्षे असे केले तर हातात तीन कागद येतात. मग परदेशी जा किंवा जाऊ नका.

'जाऊ नका' हे मुद्दाम म्हणालो. आमच्याकडच्या कितीतरी मुली अभ्यासात मुलांच्या पुढे आहेत. त्यांना घरचे यवतमाळलासुद्धा एकटे पाठवत नाहीत, जर्मनी दूरच. हे काम असे आहे की घाटंजीत बसूनही करता येते. वीज आणि इंटरनेट धड असले म्हणजे झाले. परीक्षा घेणारे यंत्र परीक्षा देणारा मुलगा आहे की मुलगी, त्याचे आडनाव काय, तो मराठी शाळेतला की उर्दू शाळेतला, असे काही विचारत नाही. मुलाच्या विमानाच्या तिकिटासाठी ज्या घरात दागिने मोडायची तयारी असते, त्या घराने मुलीच्या परीक्षेची फी आधी भरून पाहावी.

इंग्रजीची भीती वाटते, हे मला मुले सांगतात. वाटणारच. पण संगणकाच्या पुस्तकातले इंग्रजी हे कवितेच्या भाषेसारखे फसवे नसते. एका शब्दाचा एकच अर्थ, आणि तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. रोज एक पान कोश घेऊन वाचले तर सहा महिन्यांत पुस्तक बोलू लागते.

तेव्हा पालकांनो, तो चकचकीत कागद घरात आला तर घाईने सही करू नका, आणि मुलाच्या तोंडावर फेकूही नका. शेजारी बसवून त्याला तीन गोष्टी विचारा. तुला काय करता येते? ते कोणत्या परीक्षेने सिद्ध झाले आहे? आणि तू ते काम केल्याची नोंद कुठे आहे? तिन्हींची उत्तरे मिळाली तर त्याला जाऊ द्या, मन घट्ट करून जाऊ द्या. एखादे उत्तर नसेल तर ते मिळवायला त्याला दोन-तीन वर्षे द्या. शेत तेवढे दिवस तुमच्याच नावावर राहील.